11 लाख व्ह्यूज आणि 23 ऑर्डरी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव तालुक्यातून एका ताईंचं मोठं पत्र आलं आहे. घरी कोरडवाहू शेती, मुख्य पीक कापूस. गेली काही वर्षं उन्हाळ्यात त्या ज्वारीचे बिबडे (पापडासारखं खान्देशी वाळवण), नागलीचे म्हणजे नाचणीचे आणि उडदाचे पापड, कुरडया करून विकतात. मदतीला जाऊबाई आणि गल्लीतल्या दोघी जणी. गिऱ्हाईक ओळखीचं : जळगाव, नाशिक, पुण्याची काही घरं आणि सुरतेला उधना-लिंबायत भागात स्थायिक झालेली आपली माणसं. हंगामात साडेतीनशे किलोच्या आसपास माल जातो, उरत नाही. खर्च आणि मजुरी जाऊन किलोमागे 120 रुपये सुटतात. यंदा कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं आईच्या मालासाठी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. बिबडे थापताना लहान पुतण्या ओला बिबडा उचलायला आला आणि ताई ओरडल्या, "हात नको लावू रे, वल्ला शे आजून!" ते रील 11 लाख वेळा पाहिलं गेलं. ऑर्डरी आल्या 23, त्यातल्या 9 जणांनी नंतर फोनच उचलला नाही. कॉमेंटमध्ये ताईंच्या बोलीची आणि डोक्यावरच्या पदराची टिंगल झाली. यजमानांना गावात कुणीतरी टोचून बोललं, ते म्हणतात बंद करा. मुलगा म्हणतो, "आई, आता थांबलीस तर सगळं संपलं." आणि एक डिजिटल मार्केटिंगवाला 30,000 रुपयांत तीन महिन्यांत 50,000 फॉलोअर करून देतो म्हणतो, पैसे दिवाळीआधी, सगळे आगाऊ. ताई विचारतात : पैसे भरू, की खातं बंद करू? आणि जगाच्या मागे पडतेय का मी?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. "या गडबडीत सुरतच्या मावशींचे पाच किलो राहूनच गेले. त्यांचा फोन आला, यंदा माझं नाव विसरलीस का गं?" बाकीचं सगळं बाजूला ठेवून मला आधी याच ओळीबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिच्यातच आहे.

ज्या दिवसांत मावशींचा माल राहिला, त्या दिवसांत घरात काय चाललं होतं तेही तुम्हीच लिहिलंय. पहाटे उठून घाटा, म्हणजे बिबड्यांचं वाटलेलं पीठ, शिजवायचा, कोवळ्या उन्हात थापायला बसायचं, हा तुमचा नेहमीचा क्रम. तो मोडला. मुलगा उठेपर्यंत थांबायचं, "उजेड नीट येत नाही" म्हणून परत थांबायचं, एकच बिबडा तीनदा थापायचा. तोवर घाटा गार झाला आणि त्या दिवशीचे दोन धोतरांवरचे बिबडे जाड राहिले. ज्यानं बिबडे केलेत त्याला हे लगेच कळेल. ज्वारी भिजवून आंबवायची, वाटायची, तीळ-जिरं-लसूण घालून शिजवायची, गरम असतानाच ओल्या कापडावर पाण्याच्या हातानं पातळ थापायची, आणि वाळल्यावर कापडाला मागून पाणी लावून अलगद सोडवायची. यातलं काहीच थांबून राहत नाही. जळगाव-भुसावळचं पंचेचाळीस अंशांचं ऊन तुमच्या धंद्याचं भांडवल आहे, आणि ते वर्षातून मोजकेच दिवस मिळतं.

आता तुम्ही माझ्यापुढे ठेवलेले दोन रस्ते बघा. पैसे भरायचे, नाहीतर बंद करायचं. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : धंद्याला गिऱ्हाईक कमी पडतंय, आणि ते इंटरनेटवरून आणता आलं तर आणायचं, नाही तर सोडून द्यायचं. पण तुम्हीच सांगताय की माल उरत नाही. उलट मे संपता संपता चार जणांना नाही म्हणावं लागतं. मग कमी काय पडतंय? चार बायकांचे हात आणि उन्हाचे दिवस. फॉलोअर कितीही वाढले तरी या दोन्हींत काडीचा फरक पडत नाही. उद्या खरोखर पाच हजार घरांनी बिबडे मागितले तर तुम्ही कुठून देणार? बाहेरून बनवून घेऊन स्वतःच्या नावानं द्याल? तसं करणाऱ्यातल्या तुम्ही नाही, हे पत्रावरूनच कळतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं एवढंच आहे की आधी आपले हात मोजा आणि मग तेवढ्यापुरतं गिऱ्हाईक जोडा. साडेतीनशे किलो म्हणजे घरटी दोन-अडीच किलो धरले तर दीडशे घरं. तुम्हाला दीडशे अशी घरं हवीत, जी दरवर्षी येतील, वेळेवर पैसे देतील आणि भाव सांगितल्यावर घासाघीस करणार नाहीत. अर्धीअधिक तुमच्याकडे आहेतच. 50,000 अनोळखी माणसांचं तुम्ही करणार काय?

मार्केटिंगवाल्याच्या 30,000 चा हिशोब तर सरळ आहे. किलोमागे 120 सुटतात, म्हणजे त्याची फी वसूल व्हायलाच 250 किलो माल विकावा लागेल. तुमच्या अख्ख्या हंगामातले शंभर किलो तेवढे स्वतःसाठी उरतील. आणि त्यानं पत्करलंय काय? फॉलोअर. ऑर्डर आणून देण्याबद्दल एक शब्द तो बोललेला नाही. "इतके फॉलोअर करून देतो" असं ठाम सांगणारा माणूस ते बहुधा विकत आणतो. ती खाती कुठल्या कुठली असतात, कित्येकांच्या मागे माणूसच नसतो. त्यांचा तोटा पैशांपुरता राहत नाही. तुमच्या नव्या पोस्टला कोण प्रतिसाद देतंय यावर ती पुढे किती जणांना दाखवायची हे ठरतं. यादीत मुकी खाती भरली की खऱ्या माणसांपर्यंत पोचणंही अवघड होतं. त्याला एकच प्रश्न विचारून बघा : "दादा, तुमच्या आधीच्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर द्या, मी त्यांच्याशी बोलते." नंबर मिळाले तर जरूर बोला. पण यंदा पैसे देऊ नका. "दिवाळीआधीच भरा, नाहीतर ऑफर जाईल" ही घाई त्याच्या सोयीची आहे. तुमचा हंगाम होळीच्या आगेमागे सुरू होतो, तुम्हाला आत्ता कसलीच घाई नाही.

मग ते 11 लाख व्ह्यूज खोटे होते का? अजिबात नाही. पण ते कशाचे होते, हे समजून घ्या. इन्स्टाग्राम रील आधी थोड्या लोकांना दाखवून बघतं. लोक थांबले, शेवटपर्यंत बघितलं, दुसऱ्याला पाठवलं, की आणखी लोकांना दाखवतं. तुमचं ते वाक्य, पोराचा मागे गेलेला हात, तुमचा खराखुरा राग, यात लोकांना घर दिसलं. ज्याला बिबडा म्हणजे काय हेच ठाऊक नाही असा माणूसही हसला आणि पुढे गेला. त्याला विकत काही घ्यायचं नव्हतं, विरंगुळा हवा होता. त्याला थांबवून ठेवणं हा कंपनीचा धंदा आहे, कारण तो जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती त्याला दाखवता येतात. त्या धंद्यात तुमचं रील कामाला आलं. तुमचा धंदा वेगळा आहे, आणि रीलचा आकडा मोठा झाला म्हणून तो मोठा होत नाही. मुलाला हे समजावताना त्याला कमी लेखू नका. त्यानं जे केलं ते चांगलंच केलंय. पोराला नेमका क्षण टिपता आला, हे कौशल्य आहे.

त्याला एक काम सांगा. खातं 'प्रोफेशनल' प्रकारात असेल तर 'इनसाइट्स'मध्ये बघणारे कुठल्या शहरांतले आहेत ते दिसतं. नसेल तर तसं करून घ्या, पैसे लागत नाहीत. सुरत, पुणे, नाशिक, जळगाव ही नावं वर येतात का बघा. आणि त्याहून महत्त्वाचं, ज्या 14 जणांनी नीट पैसे दिले ते कोण होते ते आठवा. तुम्हीच लिहिलंय की त्यातल्या बऱ्याच जणांनी फोन उचलल्या उचलल्या अहिराणीत, आपल्या खान्देशच्या बोलीत, विचारलं, "बिबडा शेतस का आजून?" (बिबडे आहेत का अजून?) ही सगळी गाव सोडून गेलेली माणसं आहेत, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारी. वाळवण घालायला गच्ची नाही, आणि असली तरी सोसायटीची. आई थकली किंवा गेली. त्यांना बिबडा काय असतो हे शिकवावं लागत नाही. तो कुठे मिळेल एवढंच त्यांना कळायला हवं होतं आणि ते तुमच्या आवाजावरून कळलं.

इथेच मला तुमच्या बोलीबद्दल बोलायचंय. तुम्ही लिहिता, "पुढच्या वेळी मी शुद्ध बोलेन, साडीही चांगली नेसेन." असलं काही करू नका, ताई. ज्यांनी टिंगल केली ते तुमचं गिऱ्हाईक कधीच नव्हते आणि होणारही नाहीत. जे गिऱ्हाईक झाले ते त्याच बोलीला ओळखून आले. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज मिळतात. धुळे-जळगाव-नंदुरबारकडची पोरं आपल्या बोलीत विनोदी व्हिडिओ करतात आणि ते पार सुरत-मुंबईपर्यंत बघितले जातात. ज्या बोलीला शाळेत, कचेरीत कायम खाली बसवलं गेलं, तिला या फोननं पहिल्यांदा एवढा मोठा चौक दिला. त्या चौकात तुम्ही पुस्तकी बोलायला लागलात तर सुरतेच्या माणसाला तुम्ही ओळखू येणार कशा?

टिंगल मात्र मुकाट सोसायची नाही. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ठरावीक शब्द असलेल्या कॉमेंट आपोआप लपवायची सोय आहे. मुलाला बसवून तुम्हाला लागलेले शब्द त्यात घालून घ्या, मराठी, अहिराणी, इंग्रजी लिपीतलेही. अनोळखी खात्यांना कॉमेंट करण्यापासून रोखता येतं. तुमचं रील उचलून त्यावर कुणी स्वतःचं टर उडवणारं रील जोडू नये म्हणून 'रिमिक्स' बंद ठेवता येतं, डाउनलोडही बंद करता येतं. आणि रोज रात्री कॉमेंट वाचत बसणं बंद करा. तुम्ही लिहिलंय की झोप येत नाही. कॉमेंट मुलानं किंवा पुतणीनं आठवड्यातून एकदा चाळाव्यात, ज्यात ऑर्डर किंवा प्रश्न आहे तेवढ्याच तुम्हाला सांगाव्यात. बाकीच्या तुमच्यापर्यंत यायचं काही कारण नाही. पुतण्याच्या आईला, म्हणजे तुमच्या जाऊबाईंना, लेकराचा चेहरा 11 लाख वेळा पाहिला गेला हे चाललंय का, तेही एकदा विचारा. पत्रात त्याबद्दल काही नाही. लहान मुलाचा चेहरा न दाखवताही रील होतं, आणि मला विचाराल तर तसंच करावं.

यजमानांच्या "बंद करा"मागे काय आहे, हे तुम्ही त्यांना नीट विचारलेलं दिसत नाही. घरात बाईचं नाव झालं म्हणून त्यांना खुपतंय, असं तुम्हाला वाटतं. असेलही. पण पारावर कुणीतरी आपल्या बायकोचा व्हिडिओ चार जणांत दाखवून हसतो, तेव्हा त्या माणसाला काय बोलावं सुचत नाही आणि तो घरी येऊन "बंद करा" म्हणतो, असंही असतं. चेहरा दिसतो म्हणून त्रास आहे, की शिव्या येतात म्हणून, की घरचं काम मागे पडतंय म्हणून? तिन्हींची उत्तरं वेगळी. चेहऱ्याचा त्रास असेल तर नुसते हात दाखवा. थापणारे हात, कापड सोडवताना येणारा तो कागदासारखा आवाज, तेलात पडल्यावर फुलणारा बिबडा. आवाज तुमचाच ठेवा. लोक चेहऱ्याइतकेच हातांसाठी थांबतात. कामाचा त्रास असेल तर ते बरोबर आहेत, आणि तसं त्यांना मोकळेपणानं सांगा. शिव्यांचा असेल तर वरच्या सेटिंग त्यांच्यासमोर बसूनच करा. पण केवळ कुणी हसलं म्हणून चारचौघांसारखं कमावण्याचं साधन बंद करायचं, हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते मान्य करू नका. हंगामात या कामातून घरात चाळीस हजारांवर येतात. कापसाला भाव पडला त्या वर्षी ते कशाला उपयोगी पडले, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नसेल.

"आता थांबलीस तर सगळं संपलं" या मुलाच्या वाक्याचं मला जास्त वाईट वाटलं. असं त्याला या कंपन्यांनीच शिकवलंय. रोज टाका, सतत टाका, दिसेनासे झालात की विसरले जाल. वीस वर्षांच्या पोराला ते खरं वाटणारच. त्याला 2020 सालची आठवण करून द्या. तोवर आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींनी टिकटॉकवर लाखांनी फॉलोअर जमवले होते, त्यांतले काही गावच्या जत्रेत पाहुणे म्हणून जायचे. 29 जूनला सरकारनं ते अ‍ॅप बंद केलं आणि ती सगळी कमाई बसल्या जागी गेली. एका महिन्याच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले, आणि सगळ्यांनी पुन्हा शून्यापासून सुरू केलं. पण ज्यांनी आपल्या लोकांचे फोन नंबर लिहून ठेवले होते, त्यांचं गिऱ्हाईक कुठं गेलं नाही. अ‍ॅपवरचे फॉलोअर अ‍ॅपचे असतात. वहीतला नंबर तुमचा.

तेव्हा वही करा. जुनं-नवं प्रत्येक गिऱ्हाईक, गाव, काय घेतलं, किती, कधी, कसं आवडतं. मावशींना तिखट कमी लागतं, नाशिकच्या वहिनींना लसूण चालत नाही, हे तुमच्या डोक्यात आहे. ते कागदावर आणा. मग फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात मालाचे फोटो आणि भाव 'कॅटलॉग'मध्ये टाकता येतात. 'ब्रॉडकास्ट लिस्ट' करून एका वेळी 256 जणांना निरोप जातो, आणि प्रत्येकाला तो वेगळा मिळतो, ग्रुपसारखी गर्दी होत नाही. अट एकच, त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असला पाहिजे. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला, "हा नंबर सेव्ह करा, पुढच्या हंगामात निरोप येईल." संक्रांतीनंतर पहिला निरोप पाठवा : यंदा नोंदणी सुरू, किती किलो हवे ते सांगा, अर्धे पैसे आधी. जुन्यांना पहिला आठवडा. उरलेलं नव्यांना. नोंदणी भरली की थांबा आणि तसं कळवा. "यंदाचा माल संपला" हे सांगायला लाजू नका, पुढच्या वर्षी ते लोक लवकर फोन करतील. अर्धे पैसे आगाऊ म्हटल्यावर फोन न उचलणारे ते नऊ जणही आपोआप गळतील.

रील बंद करायची गरज नाही. फक्त त्याला हंगामाच्या डोक्यावर बसू देऊ नका. हंगामातला एक दिवस ठरवा, मुलाला म्हणा, त्या दिवशी काय हवं ते काढ, मी कुठलीही गोष्ट दोनदा करणार नाही. भिजवणं, वाटणं, घाटा, थापणं, सोडवणं, तळणं. एका दिवसाच्या त्या सामग्रीवर तो वर्षभर आठवड्याला एक टाकू शकतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) वेळी एक, श्रावणात कानबाईच्या सणाला रोट करतात त्या वेळी एक, दिवाळीत एक. आणि दोन-तीन वर्षांनी हात वाढले, आणखी चार घरच्या बायका जोडल्या आणि खरंच गिऱ्हाईक कमी पडायला लागलं, तर जाहिरात स्वतः करा. दिवसाला दोनशे रुपये, दहा दिवस, फक्त सुरत आणि पुणे निवडून, बटण दाबलं की थेट तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडेल अशी. दोन हजारांत काय होतं ते डोळ्यांनी दिसेल. नाही जमलं तर दोन हजारच गेले.

त्या मार्केटिंगवाल्यानं लिहून दिलेला मजकूर तुम्ही पत्राला जोडलाय : "नागलीचे पापड खा, शुगर विसरा." आणि बिबड्यांना 'मिलेट क्रिस्प' म्हणा, असा सल्ला. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेही भारताच्या प्रस्तावावरून, आणि तेव्हापासून ज्वारी-नागलीला शहरात भाव आला. चांगलं झालं. ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला चार पैसे मिळावेत, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाणाऱ्याला कुणी गरीब समजू नये. पण पापडानं मधुमेह बरा होतो असं लिहिणं हे पाप आहे, मी हा शब्द जपून वापरतेय. कुणीतरी म्हातारा माणूस ते वाचून गोळी सोडेल. बिबडा आपण तेलात तळून खातो, त्यात मीठ असतं, तो चवीसाठी खायचा. शिवाय खाण्याच्या पदार्थानं रोग बरा होतो असा दावा करायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी मनाई आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. तो दंड मजकूर लिहिणाऱ्याच्या आधी माल बनवणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होईल. पाकिटावर लिहा : ज्वारीचे बिबडे, उन्हात वाळवलेले, अमुक गावचे. हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

पुण्याच्या फूड पेजवाल्या मुलीनं तीन किलो माल आणि आठ हजार मागितले, त्याबद्दल : मालाच्या पलीकडे काही देऊ नका, आणि माल दिलात तरी तिनं व्हिडिओत "जाहिरात" असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्यांना ते सांगणं बंधनकारक आहे, केंद्राच्या ग्राहक विभागानं जानेवारी 2023 मध्ये त्याचे नियमच काढलेत. ती "असं सांगितलं तर लोक बघत नाहीत" म्हणाली, तर त्या शिफारशीची किंमत तुम्हाला तिथेच कळेल.

पार्सल अनोळखी माणसाला जाणार म्हणजे कागदपत्रं नीट हवीत. अन्न सुरक्षेची लहान उद्योगांसाठीची नोंदणी ऑनलाइन होते. 14 अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, तुमचा पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. मोठी ऑर्डर देऊन "मी फौजेतला अधिकारी, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. चुकून फसलातच तर लगेच 1930 वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण. हे सगळं गल्लीतल्या इतर बायकांनाही सांगा, मसाले, शेवया, लोणची विकणाऱ्या सगळ्यांनाच असे फोन येतात.

आता मागे पडण्याबद्दल. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तुम्ही मागे पडलेल्या नाहीत. जो धंदा दरवर्षी माल संपून उभा राहतो, ज्याचं गिऱ्हाईक राहिलेल्या पाच किलोंसाठी स्वतः फोन करतं, तसा धंदा उभा करायला मोठ्या कंपन्या मार्केटिंगवर पाण्यासारखा पैसा ओततात. तुम्हाला वाढायचं असेल तर भाव वाढवून बघा. मागणी मालापेक्षा जास्त आहे, पार्सल ट्रॅव्हल्सनं जातं, फुटू नये म्हणून डबा लागतो, हे सगळं तुम्ही आजवर स्वतःच्या खिशातून भरत आलात. किलोला चाळीस-पन्नास वाढवले तर जुनं गिऱ्हाईक जाणार नाही असा माझा अंदाज आहे, आणि चार गेले तरी नव्यांतले आठ रांगेत आहेत. किलोमागे चाळीस म्हणजे हंगामाचे चौदा हजार, एकही फॉलोअर न वाढवता.

दोन गोष्टी मात्र हंगामाआधी मिटवून टाका. इन्स्टाग्रामचं खातं आत्ता मुलाच्या नंबरावर आणि ईमेलवर आहे, पैशांचा क्यूआर यजमानांच्या खात्याचा. कुणावर अविश्वास म्हणून नाही, पण ही कमाई तुमची आहे आणि ती तुमच्या नावावर दिसली पाहिजे. बँकेत तुमचं खातं आहे, त्याचा क्यूआर घ्या. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपला तुमचा नंबर जोडा, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. बचत गटाचं किंवा बँकेचं कर्ज कधी घ्यायचं झालं तर या खात्यातली दोन वर्षांची उलाढाल तुमच्या बाजूनं बोलेल. मुलाला त्याच्या कामाचे पैसे द्या, ठरवून, मग हंगामाचे हजार असोत की दोन हजार. फुकट करतोय म्हणून तो हक्कानं पहाटे थांबायला लावतो. पैसे घेऊन करील तर वेळ तुमची चालेल. आणि भाव वाढवलात की जाऊबाई आणि त्या दोघी जणींची मजुरीही त्याच दिवशी वाढवा, त्यांनी मागायची वाट न बघता.